राखेखालचा हिशेब

काही महिन्यांपूर्वी अनुवादसेवेत माझ्याकडे एक छोटा मजकूर आला. मूळ हिंदीत होता, मराठीत आणायचा होता. विषय होता इटलीतील पॉम्पेई या प्राचीन शहराचा. सारांश असा : हे शहर भोगविलासात बुडाले होते, म्हणून परमेश्वराने ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडून टाकले, आजच्या माणसाने यातून धडा घ्यावा.

जेमतेम एका पानाचा मजकूर, तासाभराचे काम. पण मी एका शब्दापाशी अडखळले. तो शब्द होता 'म्हणून'.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. लेखापरीक्षण शिकताना आम्हाला पहिल्यांदा हेच सांगतात, की वहीतल्या प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर हवे. शहर विलासी होते, ही एक नोंद. शहर नष्ट झाले, ही दुसरी नोंद. या दोन नोंदींना जोडणाऱ्या 'म्हणून'चे व्हाउचर कुठे आहे? ते शोधण्यासाठी मी पॉम्पेईविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता तो मजकूर माझ्या हातून अनुवादित झालाच नाही. तसे कळवले तेव्हा आमच्या समन्वयक ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुला जे सापडले तेच लिही."

जे सापडले ते पुढे मांडते आहे.

त्या दोन दिवसांत काय घडले

इसवी सन ७९. दक्षिण इटलीत, आजच्या नेपल्सजवळ, व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याशी पॉम्पेई वसले होते. साधारण दहा-बारा हजार वस्तीचे, व्यापाराने गजबजलेले शहर. पर्वताच्या उतारांवर द्राक्षांचे मळे होते. सुमारे सतरा वर्षांपूर्वी तिथे मोठा भूकंप झाला होता आणि अनेक इमारतींची डागडुजी अजून चालूच होती. लोक घरे सावरत होते, दुकाने उघडत होते, निवडणुकीत कोणाला मत द्यावे हे भिंतींवर रंगवत होते.

एके दिवशी दुपारी एकच्या सुमारास पर्वतातून राख आणि दगडांचा प्रचंड स्तंभ आकाशात चढला. त्यानंतर रात्र उलटेपर्यंत शहरावर हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. रस्ते भरले, छपरे कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट वेगाने डोंगर उतरून आले, आणि जे शहरात मागे राहिले होते ते सारे संपले. शेजारचे हर्क्युलेनियम नगरही याच उद्रेकात गाडले गेले.

या घटनेची तारीख परंपरेने २४ ऑगस्ट मानली जात असे. पण २०१८ मध्ये उत्खननात एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तिच्यात १७ ऑक्टोबर हा दिवस येतो. कोळशाचे अक्षर भिंतीवर फार काळ टिकत नाही, त्यामुळे उद्रेक त्याच वर्षी ऑक्टोबरात झाला असावा, असे अनेक अभ्यासक आता मानतात. शेकडो वर्षे चालत आलेली तारीख कोणीतरी सहज लिहिलेल्या एका ओळीने हलवली. पुराव्यापुढे नम्र होणे म्हणजे काय, हे मला या ओळीने शिकवले.

शिक्षा कोणाला?

उद्रेकाच्या वेळी प्लिनी हा सतरा वर्षांचा मुलगा उपसागरापलीकडे मिसेनम येथे आईसोबत होता. पुढे मोठेपणी त्याने इतिहासकार टॅसिटस याला दोन पत्रे लिहिली आणि त्या दिवसांची हकिकत सांगितली. भर दिवसा काळोख दाटला होता. काही जण देवांकडे हात पसरत होते, तर बरेच जण म्हणत होते की आता देवच उरले नाहीत. आईने मुलाला सांगितले, मला सोड, तू तरुण आहेस, पळ. त्याने ऐकले नाही. तिचा हात धरून तो चालत राहिला.

या मुलाचे मामा, थोरले प्लिनी, तिथल्या आरमाराचे प्रमुख होते आणि निसर्गाचे मोठे अभ्यासक. पर्वतावरचा तो विचित्र ढग जवळून पाहावा म्हणून ते निघणार, तेवढ्यात पर्वतापाशी अडकलेल्या एका बाईंची मदतीसाठी चिठ्ठी आली. पाहायला निघालेला माणूस वाचवायला निघाला. त्यांनी मोठी जहाजे पाण्यात काढली आणि जिकडून सगळे पळत होते तिकडे ते गेले. स्टाबिए येथील किनाऱ्यावर त्यांचा मृत्यू झाला.

आता तो मजकूर पुन्हा वाचा. आपत्ती ही पापाची शिक्षा असेल, तर दुसऱ्यांना वाचवायला गेलेल्या या मामांची शिक्षा कोणत्या पापाची?

पॉम्पेईतील मृतांच्या आकृती आपल्याला दिसतात त्यामागे एक साधी युक्ती आहे. राख देहांभोवती घट्ट बसली. पुढे देह विरून गेले आणि राखेत त्यांच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये उत्खननप्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. प्लास्टर घट्ट झाल्यावर भोवतीची राख काढली की शेवटच्या क्षणीचा माणूस समोर येई. अशा आकृतींत लहान मुले आहेत. एक कुत्राही आहे, साखळीने बांधलेला, अंग पिळवटलेला. मुलांनी कोणते भोग भोगले होते? त्या मुक्या जनावराने कोणता अधर्म केला होता?

व्हेसुव्हियसखाली आफ्रिका आणि युरेशिया हे भूपट्ट एकमेकांकडे सरकत असतात. त्या घडामोडीत खोलवर शिलारस तयार होतो, त्यातील वायूंचा दाब वाढतो आणि कधीतरी तो वाट फोडतो. याच पर्वताचा १६३१ मध्येही विनाशक उद्रेक झाला, आणि अलीकडचा १९४४ मध्ये. पर्वत पाप-पुण्याची वही ठेवत नाही.

आपल्याच देशात झालेला एक वाद

हा प्रश्न आपल्या देशात फार थोर माणसांमध्ये चर्चिला गेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. महात्मा गांधी म्हणाले की हे अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे ईश्वरी शासन आहे. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेच्या विरोधात होते, तरीही त्यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की भौतिक आपत्तींची कारणे भौतिकच असतात. त्या आपत्तींतून परमेश्वर नीती शिकवतो असे मानले, तर त्याच्यापेक्षा माणूसच अधिक न्यायी ठरेल. गांधीजींनी हा विरोध आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि त्याला उत्तरही दिले.

मी हा वाद दोन-तीनदा वाचला. भूकंपाच्या कारणाबाबत मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते. पण गांधीजींच्या बोलण्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. ते 'आपले पाप' म्हणत होते. ज्या समाजात ते वाढले त्याच समाजाकडे त्यांनी बोट दाखवले होते. आपण पुढे पाठवतो त्या संदेशांमध्ये मात्र पाप नेहमी 'त्यांचे' असते. दोन हजार वर्षांपूर्वीचे, परदेशातले, परधर्मातले.

ही गोष्ट आपल्याला आवडते ती म्हणूनच. ती ऐकताना आपण सुरक्षित असतो. ते विलासी होते, आपण सात्त्विक आहोत. ते बुडाले, आपण तरणार. धडा घेतल्यासारखे वाटते, पण घेतलेला नसतो.

आपल्या परंपरेत कर्मसिद्धांत आहे आणि मी तो मानते. पण जितके मला समजले आहे त्यावरून, तो स्वतःच्या हातांकडे पाहण्यासाठी आहे. 'मी काय करतो आहे आणि त्याचे काय होईल' असा प्रश्न विचारायला तो शिकवतो. दुसऱ्याच्या चितेपाशी उभे राहून 'याचे कर्मच तसे' म्हणणे हा त्या सिद्धांताचा दुरुपयोग आहे. त्यातून आपले ज्ञान वाढत नाही, फक्त करुणा आटते.

तर 'म्हणून'चे व्हाउचर मला मिळाले नाही. ती नोंद खोडावीच लागली. मग प्रश्न उरला : शिक्षेची गोष्ट बाजूला ठेवली, तर पॉम्पेईपासून आपण काहीच शिकायचे नाही का?

'नफ्या, तुझे स्वागत असो'

मला वाटते, शिकण्यासारखे खरे तिथूनच सुरू होते.

उत्खननात जे शहर वर आले ते राक्षसांचे नव्हते. ते गृहस्थांचे होते. घरोघरी छोटा देव्हारा होता. कुलदेवतांना रोज काही ना काही अर्पण केले जाई. १८६२ मध्ये एका भट्टीत ८१ पाव सापडले, भाजायला ठेवलेले आणि मग कोणी काढलेच नाहीत असे. १८७५ मध्ये लूकियस कैकिलियस यूकुंडुस या सावकाराच्या घरात १५३ मेण-पाट्यांचे दस्तऐवज मिळाले. त्यांत लिलावात विकलेल्या मालाच्या रकमेच्या पावत्या आहेत, साक्षीदारांच्या नावांसह. ते वाचताना मला आमच्याच वर्गात बसल्यासारखे वाटले. इतक्या दूरचा माणूस, पण पावती घ्यायला विसरला नाही!

आणि आणखी एक गोष्ट. तिथल्या एका घराच्या प्रवेशापाशी फरशीत अक्षरे बसवली आहेत : 'साल्वे लुक्रुम'. लॅटिन भाषेत याचा अर्थ, 'नफ्या, तुझे स्वागत असो'. दुसऱ्या एका घरात तशीच अक्षरे सांगतात की नफा म्हणजे आनंद.

हे वाचून मी हसले, आणि लगेच थांबले. आमच्या घरी दिवाळीला वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आजोबा कुंकवाने 'शुभ लाभ' लिहितात. आम्ही तरी दारात दुसरे काय लिहितो? फरक असलाच तर एका शब्दाचा आहे. आपल्याकडे 'लाभ' एकटा येत नाही, त्याच्या आधी 'शुभ' येतो.

लाभ शुभ कशाने होतो? चोरी केली नाही, कर भरला, मापात पाप केले नाही, एवढ्याने? पॉम्पेईतले व्यापारीही त्यांच्या कायद्याने चोख होते. यूकुंडुसच्या पावत्या नियमाप्रमाणेच आहेत. मग त्या शहरात खटकण्यासारखे काय होते?

ज्यांचा रकाना नव्हता

डिसेंबर २०२३ मध्ये पॉम्पेईच्या पुरातत्त्व विभागाने एका घरातील बेकरीविषयी माहिती प्रसिद्ध केली. तिथे धान्य दळण्याच्या मोठ्या जात्यांना गाढवे जुंपत. खोलीला बाहेर रस्त्याकडे उघडणारे दार नव्हते. बाहेर पडायचे तर घराच्या मुख्य भागातूनच जावे लागे. वर लहान खिडक्या, त्यांना लोखंडी गज. जात्याभोवती फिरणाऱ्या जनावरांची पावले जुळावीत म्हणून फरशीत खाचा केलेल्या. तिथे गाढवांबरोबर दास कोंडलेले असत. बाहेरच्या दालनांत सुंदर भित्तिचित्रे होती.

आणखी एक खोली नोव्हेंबर २०२१ मध्ये उजेडात आली. शहराच्या तटबंदीबाहेर सुमारे ७०० मीटरवर, चिविता जुलियाना नावाच्या जागी, एका श्रीमंताच्या वाड्यात. खोली सुमारे १६ चौरस मीटरची. तीन साध्या लाकडी खाटा, दोरीने विणलेल्या. दोन मोठ्या माणसांच्या मापाच्या, तिसरी १.४ मीटरची, म्हणजे बहुधा मुलाची. खाटांखाली मातीची भांडी. भिंती बिनरंगाच्या, उंचावर एकच लहान खिडकी. कोपऱ्यात आठ मोठे रांजण आणि एका पेटीत घोड्यांच्या सरंजामाच्या वस्तू. अभ्यासक म्हणतात, इथे दास राहत. कदाचित एक लहान कुटुंब. त्यांची झोपायची खोली हीच मालकाची साठवणीची खोलीही होती.

रोमच्या कायद्यात दास ही मालमत्ता होती. म्हणजे हिशेबात तो होता, पण मालाच्या बाजूला. माणूस म्हणून त्याला रकाना नव्हता. आणि हे वाईट माणसांचे काम नव्हते. तो रोजचा व्यवहार होता. कायदेशीर, फायद्याचा, सर्वमान्य. पॉम्पेईत वेट्टी नावाच्या दोघांचे अतिशय देखणे घर आहे. ते दोघे बहुधा पूर्वी स्वतः दास होते, सुटका झाल्यावर श्रीमंत झाले. त्यांच्या घरातही दास राबत होते. ज्याने सोसले त्यालाही ती व्यवस्था खटकली नाही, इतकी ती अंगवळणी पडली होती.

हर्क्युलेनियममध्ये जळून कोळसा झालेला एक गोल पाव सापडला आहे. त्यावर शिक्का आहे : 'क्विंटस ग्रानियस वेरस याचा दास सेलेर'. सेलेरचे नाव आपल्यापर्यंत आले ते पावामुळे. बाकीच्यांची नावे राखेत गेली.

यात आपल्या मातीतला एक हातही आहे. १९३८ मध्ये पॉम्पेईत भारतातून गेलेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात तशीच शैली दिसल्याने ती तिथेच कोरली गेली असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. इतक्या दूरच्या घरापर्यंत मूर्ती पोहोचली, व्यापाऱ्यांच्या हातोहात नफा झाला असेल. ती कोणी कोरली, ते नाव मात्र कुठेच नाही.

पोती मोजणारी मी

चिविता जुलियानाच्या त्या खोलीचे छायाचित्र पाहत असताना मला मागच्या वर्षीचा ३१ मार्च आठवला.

मी तेव्हा एका हिशेब-कार्यालयात शिकाऊ म्हणून जात होते. वर्षअखेरीला मालाची मोजणी असते. मला एका फरसाणाच्या कारखान्याच्या गोदामात पाठवले होते. मी बेसनाची पोती मोजली, तेलाचे डबे मोजले, पुठ्ठ्याची खोकी मोजली. पोत्यांच्या मधल्या जागेत चार-पाच वळकट्या ठेवलेल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर एका डब्यात दात घासायचे ब्रश, दोरीवर दोन ओले शर्ट. एका वळकटीमुळे पोती मोजायला अडचण होत होती, म्हणून मी ती पायाने बाजूला सरकवली. मोजणी अचूक झाली. कार्यालयात शाबासकीही मिळाली.

माणसे तिथे झोपत होती हे मला दिसले नव्हते का? दिसले होते. पण माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते मी पाहिलेच नाही. कारखान्याच्या वहीत त्यांची नोंद एका ओळीत होती : 'मजुरी, रोख'. तिला मी बरोबरची खूण केली होती.

हे लिहिताना मला लाज वाटते. मी रोज सकाळी ध्यानाला बसते. सर्वांमध्ये एकच चैतन्य आहे, हे वाक्य मी किती वेळा अनुवादित केले आहे, याची मोजणी नाही. तेच चैतन्य वळकटीत झोपते, हे मात्र मला शिकवायला दोन हजार वर्षांपूर्वीच्या तीन खाटा लागल्या.

पॉम्पेईचा खरा धडा मला इथे सापडला. ज्वालामुखी त्या दासांना कोंडल्याबद्दल आला नव्हता. तो आला नसता तरी त्या खिडक्यांना गज होतेच. राखेने फक्त एक केले : एक साधा दिवस जसाच्या तसा ठेवून दिला. देव्हारा, भट्टीतला पाव, दारातले नफ्याचे स्वागत आणि मागच्या बाजूची ती खोली, सगळे एकाच वेळी. घरचे लोक रोज त्या खोलीवरून जात असतील. त्यांना ती दिसली नसेल. आपल्याला आज सहज दिसते, कारण ती आपली नाही.

आणि म्हणूनच प्रश्न उलटा आपल्याकडे येतो. माझा आजचा दिवस असाच जसाच्या तसा जपला गेला, आणि कधीतरी कोणी तो उकरून काढला, तर माझ्या घरातली, माझ्या कामातली कोणती खोली पाहून तो थबकेल? आज मला ती दिसते का?

शेवटच्या क्षणी जवळ कोण

आणखी दोन शोधांविषयी सांगून थांबते.

२०२४ मध्ये पॉम्पेईतील एका लहान खोलीत एक स्त्री आणि एक तरुण सापडले. दगडांच्या माऱ्याने दार अडले आणि ते आतच राहिले. स्त्रीजवळ सोन्याचांदीची आणि ब्राँझची नाणी होती, कानातल्यांत मोती. अशा बातमीखाली 'पैसा काय कामाला आला?' असे लिहिणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. आग लागली तर आपणही आधी कागदपत्रे आणि दागिने उचलू. ती उद्या जगायचे म्हणून नाणी घेऊन बसली होती. तिच्याबद्दल मनात आधी करुणा यावी, उपदेश मागून.

दुसरा शोध माझ्या अधिक जवळचा आहे. पॉम्पेईत एक 'सोन्याच्या कड्याचे घर' आहे. १९७४ मध्ये तिथे मिळालेल्या एका प्रौढ व्यक्तीच्या अंगावर सुमारे ६०० ग्रॅमचे सोन्याचे कडे होते आणि तिने एक मूल जवळ धरले होते. सर्वांनी ठरवले की ही आई. पन्नास वर्षे तसेच सांगितले गेले. २०२४ मध्ये डीएनए चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती व्यक्ती पुरुष होती, आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते.

दागिना पाहिला, मूल पाहिले आणि आपण गोष्ट पूर्ण करून टाकली. 'म्हणून' लिहायची घाई इथेही झाली होती. पण खरी हकिकत कळल्यावर ते दृश्य मला लहान वाटले नाही, उलट मोठे झाले. तो त्या मुलाचा कोण होता हे आपल्याला माहीत नाही. रक्ताचा कोणी नव्हता, एवढे माहीत आहे. आणि मूल त्याच्याजवळ होते, एवढेही माहीत आहे. अध्यात्माच्या पुस्तकांतून आपण ज्याला आत्मीयता म्हणतो, ती यापेक्षा फार वेगळी असेल असे मला वाटत नाही.

किल्ली

यंदाच्या ३१ मार्चला मी पुन्हा त्याच गोदामात गेले. मोजणी झाल्यावर तिथे काम करणाऱ्या मुलांशी बोलले. नावे विचारली. ती इथे लिहीत नाही. माझ्या वहीत आहेत. दोघे माझ्याच वयाचे होते, एक लहान असावा. बोलता बोलता कळले की रात्री चोरीच्या भीतीने शटर बाहेरून बंद करतात आणि किल्ली मालक घरी नेतात. आत तेलाचे डबे, बाजूला भट्टी, आणि मध्ये झोपलेली मुले.

मला गजांची ती खिडकी आठवली.

मी आमच्या सरांना सांगितले. ते म्हणाले, "हे आपल्या अहवालात येत नाही." नियमाने ते खरेच होते. मी गप्प बसले. पण दोन दिवसांनी सर स्वतःहून म्हणाले की मालकांशी बोलतो. त्यांनी काय सांगितले मला माहीत नाही. आठवड्याने मी काही कागद द्यायला गेले, तेव्हा त्यांतला एक मुलगा हसला आणि खिशातून किल्ली काढून दाखवली. शटरला आता आतून उघडणारे कुलूप आहे आणि किल्ली आत असते.

मी कोणाचा उद्धार केला, असे यात काही नाही. मुले अजून पोत्यांमध्येच झोपतात. ते बदलायला हवे, आणि ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पण पुढच्या दिवाळीत आजोबा वहीवर 'शुभ लाभ' लिहितील, तेव्हा पहिल्या शब्दाचा अर्थ मला थोडा अधिक कळलेला असेल.

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी आपण सारे दोन मिनिटे डोळे मिटून बसू या. आपल्या दिवसाभोवती राख बसली आहे आणि तो जसाच्या तसा राहिला आहे, अशी कल्पना करू या. मग एकेक खोली पाहत जाऊ. जिथे नजर पटकन पुढे सरकते, तिथे थांबू. तिथे जो कोणी असेल त्याचे नाव आपल्याला माहीत आहे का, ते आठवून पाहू. माहीत नसेल, तर उद्या सकाळी ते विचारण्यापासून सुरुवात करू या.